चीनच्या गोल्फची अंबडमधली तयारी

४ ऑगस्ट, सकाळी ७.१०

चीन. गोल्फ रिसॉर्ट. पाच रात्री, सहा दिवस. जोडीने.

चार वेळा लिहून पाहिलं. चारही वेळा खरं वाटलं.

काल बियाण्याच्या कंपनीचा साजिद आला आणि पेढ्यांचा बॉक्स काउंटरवर ठेवला. कपाशीच्या बियाण्याचं या हंगामाचं टार्गेट आम्ही पूर्ण केलं. अख्ख्या जिल्ह्यात दोनच दुकानांनी केलं. एक आमचं, सोमेश्वर कृषी सेवा केंद्र, अंबड. दुसरं घनसावंगीच्या हरिओमचं. बक्षीस म्हणून जानेवारीत कंपनी दोन्ही जोड्यांना चीनला नेणार. समुद्रातलं बेट आहे म्हणे. तिथे नजर पोचेल तिथवर हिरवळ, आणि त्या हिरवळीवर पांढऱ्या टोप्या घालून लोक गोल्फ खेळतात. साजिदने रंगीत माहितीपत्रक दिलं. आतापर्यंत अकरा वेळा वाचलं.

टार्गेट कसं पूर्ण झालं? नेतृत्व. आता मे-जूनमध्ये काउंटरवर माझी बायको सत्यशीला उभी होती, हे मान्य. जमीन कशी, पाणी किती, हे विचारून ती प्रत्येकाला वाण सांगत होती, हेही मान्य. पण दुकानाच्या बोर्डावर फोटो कोणाचा आहे? माझा. गॉगल लावलेला.

सत्यशीला म्हणाली, अहो, पेढे झाकून ठेवा, मुंग्या लागतील. एवढी मोठी बातमी आणि ही मुंग्यांवर.

६ ऑगस्ट

हरिओमचा फोन. तो मागच्या वर्षी बँकॉकला जाऊन आला, तेव्हापासून प्रत्येक वाक्यात एकदा तरी एअरपोर्ट येतो. विचारत होता, सोमेश्वरराव, गोल्फ कधी बघितला तरी का? मी म्हणालो, बघितला काय, खेळलोय. तो म्हणाला, कुठं? मी म्हणालो, संभाजीनगरला, पूर्वी. तो म्हणाला, मंग झालं, तिथं मला शिकवा.

संकल्प: जानेवारीच्या आत गोल्फ शिकणे. पाच महिने आहेत. लोक पाच महिन्यांत डी.एड. करतात. (दोन वर्षं लागतात, असं सत्यशीला म्हणाली. तिला मुद्दा कळला नाही.)

११ ऑगस्ट, सकाळी

सरावाला सुरुवात. जागा: अंतरवाली सराटीला कडूबाची मोसंबीची बाग. कडूबा आमचं जुनं गिऱ्हाईक. आठवड्यातून चार दिवस दुकानाच्या बाकावर बसलेला असतो, त्यातला एक दिवस काही घेतो.

काठी म्हणून छत्री नेली होती, मूठ खाली करून. चेंडू म्हणून गळालेली मोसंबी. सध्या फळगळ आहे, झाडाखाली सडा पडलाय. म्हणजे चेंडूंची काळजी नाही.

पहिला फटका बरोबर बसला. मोसंबी फुटली आणि रस दोन्ही डोळ्यांत. दुसरा फटका छत्रीला सोसला नाही. कडूबा धोतराच्या सोग्याने माझं तोंड पुसत म्हणाला, भाऊ, हे चीनमधी पन मोसंबीवरच करत्यात का?

निष्कर्ष: साहित्य दर्जेदार हवं.

२३ ऑगस्ट

ऑनलाइन मागवलेली गोल्फची स्टिक आली. सोबत तीन चेंडू. मुलगी प्रियदर्शनी पुण्यात असते, तिने मागवून दिली. हातात धरल्यावर काहीतरी विचित्र वाटलं. व्हिडिओ कॉलवर तिला दाखवली. ती म्हणाली, बाबा, ही डावखुऱ्या माणसाची आलीय, परत पाठवा.

परत पाठवणार नाही. जगातले पुष्कळ कर्तबगार लोक डावखुरे आहेत. मी लहानपणी डाव्या हाताने गोट्या खेळायचो, आईने मारून उजवा केला. म्हणजे मूळ मी डावखुराच.

२४ ऑगस्ट

कडूबाच्या रिकाम्या तुकड्यात सराव. वीस फटके. चेंडूला लागलेले: शून्य. जमिनीला लागलेले: वीस. ढेकळं मात्र लांब गेली, एक तर बांधापलीकडे.

कडूबा बांधावर बसून तंबाखू मळत होता. म्हणाला, भाऊ, तुमी वाकून एवढी माती उकरूनच राह्यले, तर खुरपं घ्या ना हातात. तेवढंच गवत तरी निघंल.

अडाणी माणसाशी वाद घालत नाही. उद्यापासून घरच्या अंगणात.

५ सप्टेंबर, दुपारी

घरच्या अंगणात सराव बंद. कारण तांत्रिक.

फरशीलगतच्या मातीत स्टीलची वाटी पुरली होती. गोल्फमध्ये असाच खड्डा असतो आणि चेंडू त्यात घालायचा असतो. आज पहिल्यांदा चेंडूला स्टिक नीट लागली. फार नीट लागली. चेंडू वाटीवरून, तुळशीवरून गेला आणि पाण्याच्या टाकीची तोटी तोडून थांबला. हजार लिटर पाणी अंगणात. मी अंगठा लावून उभा होतो. पंचवीस मिनिटं. सत्यशीला दुकानातून आली, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, दोन मिनिटांत पाणी बंद केलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत दुकानात गेली. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

माहितीपत्रकात लिहिलंय की तिथल्या मैदानावर पाण्याचे अडथळे मुद्दाम करून ठेवलेत. म्हणजे माझा त्या विभागाचा अभ्यास आधीच झाला.

वाटी सापडत नाही. आमटीच्या वेळी विषय निघेल.

१२ सप्टेंबर

चिनी भाषा. मोबाइलवर अॅप घेतलं. नी हाव, म्हणजे नमस्कार. दुकानात येईल त्याला नी हाव म्हणायचं ठरवलं. पहिली आली झुंबरबाई, वांग्याच्या अळीचं औषध न्यायला. मी म्हणालो, नी हाव. ती सत्यशीलाला म्हणाली, बाई, यांची दाढ दुखून राह्यली का?

नऊ जणांना म्हणालो. एकानेही उलट नी हाव म्हटलं नाही. या गावात राहून माणसाची प्रगती कशी होणार?

२४ सप्टेंबर

पासपोर्टसाठी उद्या जालन्याला. दोघांचे अर्ज एकदमच भरलेत. व्यवसायाच्या रकान्यात मी 'उद्योजक' लिहिलं. सत्यशीलाने काय लिहिलं ते पाहिलं नाही. गृहिणी लिहिलं असेल.

२५ सप्टेंबर, संध्याकाळी. डोकं दुखतंय.

मुळापासून लिहितो.

सकाळी एस.टी.ने निघालो. दोघांचंही अर्धं तिकीट. तिचं अर्धं, कारण बायकांना सरकारने अर्धं केलंय. माझं अर्धं, कारण मी ज्येष्ठ नागरिक. म्हणजे आधारकार्डावर. खरी जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर आहे, १ जून १९६६. ती तरी कुठे खरी? आमच्या वर्गात बेचाळीस मुलं, त्यातल्या अडतीस जणांचा जन्म एक जूनचा. गुरुजींनी पट मांडला आणि सगळ्यांना एका दिवशी जन्माला घातलं.

दोन वर्षांपूर्वी बायकांना अर्धं तिकीट झालं. तेव्हापासून एकाच सीटवर बसून, एकाच खड्ड्यात आदळून, हिचं अर्धं आणि माझं पूर्ण. हा अन्याय मला सहन झाला नाही. आधारवर साल सहासष्टचं एकोणसाठ करून घेतलं. पासष्ट ओलांडलं की अर्धं तिकीट. कागद कुणी मिळवून दिला ते इथे लिहीत नाही, रोजनिशी कुणाच्या हाती लागली तर उगाच. सगळा अंबड डेपो मला काका म्हणतो. कंडक्टर उठून जागा देतो. सातच वर्षं वाढवली, पण मान केवढा वाढला!

तर जालना. सत्यशीलाचं काम दहा मिनिटांत झालं. माझी पाळी आली. खिडकीतल्या मॅडमनी आधार पाहिलं, दाखला पाहिला, परत आधार पाहिलं. विचारलं, काका, तुमचं वय एकोणसाठ की सहासष्ट?

मी म्हणालो, जे सोयीचं असेल ते.

हे बोलायला नको होतं.

२६ सप्टेंबर

अर्ज अडकवलाय, दोन्ही कागदांवर जन्मतारीख एकच हवी म्हणे. काही अडचण नाही. आधारवरची तारीख परत खरी करून घ्यायची, की झालं. एका दिवसाचं काम.

२९ सप्टेंबर

आधार केंद्रातला माणूस म्हणाला, जन्मतारीख आयुष्यात एकदाच बदलता येते. तुमची एकदा बदललेली आहे.

मी म्हणालो, पण तेव्हा चुकीची बदलली होती, आता बरोबर बदलायचीय. तो म्हणाला, सगळे तसंच म्हणतात. वर अर्ज पाठवा.

पाठवला.

४ ऑक्टोबर

दुसरी बाजू लढवून पाहिली. आधार बदलत नसेल तर शाळेचा दाखला बदलू. शाळेत गेलो. हेडमास्तर तरुण आहेत, ऐकून घेतील असं वाटलं होतं. त्यांनी जुनं रजिस्टर काढलं आणि म्हणाले, तुम्ही बहात्तर साली पहिलीत बसलात. जन्म एकोणसाठचा धरला तर पहिलीत तेरा वर्षांचे होतात.

मी म्हणालो, त्या काळी शिक्षणाचं महत्त्व उशिरा कळायचं.

ते हसले. मी गंभीरपणे म्हणालो होतो.

९ ऑक्टोबर

सत्यशीलाचा पासपोर्ट आला. पोस्टमनने दुकानात येऊन तिची सही घेतली. माझ्या सहीवर देईना. फोटोत ती तहसीलदार दिसते.

व्यवसायाच्या रकान्यात काय लिहिलं होतं ते आज विचारलं. 'कृषी सेवा केंद्र चालक' लिहिलं होतं. मी म्हणालो, चालक म्हणजे ड्रायव्हर वाटतं. ती म्हणाली, चालवते तर मीच.

दसऱ्यापासून तिचा आवाज चढलाय.

२७ ऑक्टोबर

दिवाळी झाली. वरच्या ऑफिसातून मेसेज: आपला अर्ज विचाराधीन आहे. म्हणजे विचार चालू आहे. म्हणजे सकारात्मक.

सराव चालू ठेवायला हवा, पण कडूबाच्या तुकड्यात हरभरा पेरलाय. तो म्हणाला, भाऊ, यंदाच्या साली उकरू नका.

४ नोव्हेंबर, सकाळी ११

साजिद आला. पासपोर्ट पंधरा तारखेच्या आत हवेत, व्हिसाला पाठवायचेत. मी त्याला आत नेऊन परिस्थिती समजावली. म्हणालो, सरकारी काम आहे, उशीर होतो. आमची जोडी पुढच्या ट्रिपला टाका. किंवा माझ्यासाठी ट्रिपच महिनाभर पुढे ढकला.

साजिद फार सभ्य मुलगा आहे. खाली बघून म्हणाला, सर, ट्रिप तर न्हाई हलणार. आन् सीट मॅडमच्या नावावर आहे बिलकुल, त्याला काई धोका न्हाई. परवाना मॅडमचा, मंग डीलर मॅडमच. कंपनीच्या लिस्टमधी तुमी स्पाऊस आहात सर.

स्पाऊस!

परवाना तिच्या नावावर आहे, हे खरं. औषधं विकायला बी.एस्सी. लागतं आणि ते तिचं झालेलं आहे, केमिस्ट्रीत. माझं शिक्षण अनुभवाचं. पण तो कागदी मामला. कोणी कधी बोलून दाखवलं नव्हतं. तेवीस वर्षं मी दुकानाचा मालक होतो आणि आज अकरा वाजता स्पाऊस झालो.

साजिदला चहा दिला नाही. सत्यशीलाने दिला.

५ नोव्हेंबर

शांतपणे विचार केला. धोका नाही. सत्यशीला एकटी जाणार नाही. तिचा स्वभाव मला माहीत आहे. एकतीस वर्षांत ती माझ्याशिवाय कुठेही गेलेली नाही. दर मंगळवारी माल आणायला जालन्याला जाते, ते सोडून. प्रियदर्शनीच्या बाळंतपणाला दोन महिने पुण्याला होती, ते सोडून. परभणीला कृषी विद्यापीठात तीन दिवसांचं ट्रेनिंग, तेही सोडून. ही कामं झाली. प्रवास वेगळा.

८ नोव्हेंबर

कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

मला गोल्फशी काही घेणं नाही. माहितीपत्रकाच्या तिसऱ्या पानावर एक फोटो आहे. हिरवळीवर एक नवरा-बायको उभे आहेत, आमच्याच वयाचे असतील. त्याचा हात तिच्या खांद्यावर. मागे समुद्र. दुसरं कोणी नाही.

आमचा दोघांचा असा एकही फोटो नाही. लग्नातल्या फोटोत मध्ये मामा उभा आहे. हनिमूनला वेरूळला गेलो, तेव्हा माझी आई आणि दोन आत्या बरोबर होत्या. पुढे प्रियदर्शनी, मग दुकान, मग नुसतं दुकानच. मला तो फोटो हवा होता. तिला सांगितलं नाही, कारण ती म्हणेल, मग काढा की, मोबाइल तर हातात आहे. तसा नव्हता हवा.

९ नोव्हेंबर, सकाळी

आज सोक्षमोक्ष लावला. चहा घेताना मोठ्या मनाने म्हणालो, माझं काय, माझं राहू दे. तू जा.

हे म्हणण्याची एक पद्धत असते. लग्नात जेवताना आपण पुरे पुरे म्हणतो आणि वाढणारा वाढत राहतो, तसं. त्यावर, छे, तुमच्याशिवाय मी कशी जाऊ, असं म्हणण्याचीही पद्धत असते. मग मी, नाही नाही, तू जाच. ती, मुळीच नाही. असं तीनदा झालं की विषय मिटतो आणि दोघांचाही मान राहतो. आमच्या घराण्यात सगळे निर्णय असेच होतात.

ती म्हणाली, बरं.

मी थांबलो. पुढे काही येईल म्हणून थांबलो. तिने कप उचलले आणि आत जाऊन विसळले.

९ नोव्हेंबर, दुपारी

ती चेष्टा करत असेल.

१४ नोव्हेंबर

चेष्टा नव्हती. पासपोर्ट साजिदकडे गेला.

१६ नोव्हेंबर

निषेध म्हणून आजपासून अबोला.

२० नोव्हेंबर

अबोल्याचा पाचवा दिवस. तिच्या अजून लक्षात आलेलं नाही. आज साजिदशी फोनवर बोलताना म्हणाली, हो, सध्या दुकानात जरा शांतता आहे, कामं उरकतायत.

२१ नोव्हेंबर

अबोला मागे. त्याऐवजी उपोषण. दुपारी जेवलो नाही.

संध्याकाळी तिने विचारलं, पोट बिघडलं का? आणि ओवा-मीठ हातावर ठेवलं. खाल्लं. मग भूक लागली. भरीत होतं. दोन भाकरी.

३ डिसेंबर

वरच्या ऑफिसातून मेसेज: आपला अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.

कायद्याने मी एकोणसाठ सालीच जन्मलो. काही न करता सात वर्षं गेली. त्या वर्षांत मी काय केलं, असं कोणी विचारलं तर काय सांगू?

७ डिसेंबर

हरिओमचा फोन. त्याला कळलंय. म्हणाला, सोमेश्वरराव, वाईट वाटलं ऐकून. मला गोल्फ शिकवणार होते तुमी. आता मंग वहिनीच शिकवतील का?

याचं उत्तर म्हणून सत्यशीलाला तयार करायचं ठरवलं. खेळाडू नाही तर प्रशिक्षक. जगात प्रशिक्षकाला जास्त मान आहे.

१४ डिसेंबर, सकाळी

कडूबाच्या कोरड्या ओढ्यात प्रशिक्षण. सत्यशीला साडीवर बूट घालून आली. मी अर्धा तास सिद्धांत सांगितला: पाय, खांदे, नजर, वाऱ्याची दिशा. ती म्हणाली, अहो, दुकान उघडायचंय. स्टिक घेतली, उलटी फिरवून उजव्या हाताने धरली, पदर खोचला आणि मारलं.

चेंडू दिसला नाही. कडूबा ओरडला, ते बघा, रोडच्या पल्याड गेल्ता आन् तारंला लागून खाली आला!

वारा होता. शिवाय माझं मार्गदर्शन. शिवाय फटका स्टिकच्या मागच्या बाजूने होता, नियमात बसत नाही.

तिला विचारलं, कसं काय जमलं? म्हणाली, चेंडूकडं बघितलं.

१५ डिसेंबर

प्रशिक्षण पूर्ण झालं. एक सत्र पुरेसं होतं.

५ जानेवारी

घरात बॅग उघडी पडलीय. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, स्वेटर. मी माझे बूट तिच्या बॅगेशेजारी ठेवले. काही कारण नव्हतं. तिने ते उचलून दारात ठेवले.

आज माझ्यासाठी ती एक वही लिहून ठेवतेय. गॅस, दूध, गिरणी, दुकानाच्या कोणत्या कप्प्यात काय. शेवटच्या पानावर ठळक अक्षरात: कोणालाही औषध स्वतःच्या मनाने देऊ नये.

तेवीस वर्षांच्या मालकाला हे वाचावं लागतंय.

१२ जानेवारी, सकाळी ६.३०

गेली.

कंपनीची गाडी दुकानासमोर आली. आत हरिओम, टी-शर्टवर गोल्फ खेळणारा माणूस छापलेला. शेजारी त्याची बायको ज्योत्स्ना. साजिद पुढे. कडूबा अंतरवालीहून पहिल्या जीपने निरोपाला आला होता, त्याने नारळ दिला. चार गिऱ्हाइकं उगाच आली होती. सगळे सत्यशीलाशी बोलत होते. मी बॅग डिकीत ठेवली.

माझ्यापाशी येऊन ती म्हणाली, अहो, दूध ओतू जाऊ देऊ नका. मग गाडीच्या दारापाशी वळून म्हणाली, तुम्ही असता तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, मला इथे पुष्कळ कामं आहेत.

हे का म्हणालो?

१३ जानेवारी

दुकान उत्तम चालू आहे. सकाळपासून सतरा जण आले. ताई कधी येणार, हे विचारून गेले.

एकाला मी स्वतःहून सल्ला दिला, हरभऱ्यावर अमुक टॉनिक मार. तो म्हणाला, ताईला विचारून घेतो. मी म्हणालो, ताई चीनला आहे. तो म्हणाला, काई जल्दी न्हाई, थांबतो.

दूध ओतू गेलं.

१४ जानेवारी. संक्रांत.

दुपारी बायका हळदीकुंकवाला आल्या. त्यांच्यातल्या कोणाला ती गेल्याचं माहीतच नव्हतं. झुंबरबाई दारातच म्हणाली, सणाच्या दिवशी बाई कुठं गेल्या? मी म्हणालो, चीनला, गोल्फ खेळायला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, भांडन झालं का?

सगळ्यांना तिळगूळ दिला. एकीने सवयीने वाणाची प्लॅस्टिकची डबी पुढे केली, मग मागे घेतली, मग घ्या आता म्हणून दिली. एकूण पाच डब्या जमल्या.

सत्यशीलाचा फोटो आला. पांढरी टोपी, हिरवळ, मागे समुद्र. एकटी. साजिदने काढलाय, चांगला आलाय. खालच्या बाजूला लिहिलंय, जेवलात का?

जेवलो नव्हतो. हो लिहिलं.

घर मोठं आहे आपलं. हे आधी लक्षात आलं नव्हतं.

१५ जानेवारी, सकाळी १०.४०

जमलेली गर्दी पाहून आधी वाटलं, मोर्चा आहे. पुढे कडूबा, हातात हरभऱ्याची उपटून आणलेली चार झाडं. मागे सराटीचे सहा-सात जण. कडूबाच्या तुकड्यात झाडं मधेच पिवळी पडून वाळून राह्यलीत, शेजाऱ्यांचंही सुरू झालंय. त्याचा चेहरा उतरला होता. एरवी माझी फिरकी घेणारा माणूस आज एक शब्द वाकडा बोलला नाही.

मी झाड हातात घेऊन उजेडात धरलं. उलटं केलं. वास घेतला. सगळे माझ्याकडे बघत होते. अशी वेळ माणसाच्या आयुष्यात एकदा येते. मी घसा साफ केला, आणि मला काहीही माहीत नाही हे माझ्या लक्षात आलं. म्हणालो, थांबा, फोन लावतो.

तिने लगेच उचलला. व्हिडिओवर ती त्या हिरवळीवरच होती, मागे हरिओम स्टिक घेऊन जमिनीला मारताना दिसला. मी म्हणालो, सत्यशीला. पुढे विचारायचं होतं, कशी आहेस, कधी येतेस. तारीख माहीत आहे, सतरा, तरी विचारायचं होतं. तेवढ्यात कडूबा फोनजवळ तोंड आणून म्हणाला, ताई, माझा हरभरा चालला बघा.

ती एकदम खाली गवतावर बसली. म्हणाली, मूळ दाखवा. दाखवलं. आता खोड उभं चिरा. चिरलं. आतली रेघ काळी आहे का? आहे. पाणी कधी दिलं? मग तिने सांगायला सुरुवात केली: काय उपटायचं, कुठं जाळायचं, मुळाशी काय सोडायचं, कोणत्या कप्प्यात आहे, बाकीच्यांनी आजच काय करायचं. एकेकाचं नाव घेऊन सांगत होती. चीनमधून. एकेकाची जमीन तिला पाठ होती.

सगळे फोनभोवती दाटले होते. कडूबाच्या चेहऱ्यावर रंग आला. मी फोन धरून मधोमध उभा होतो, आणि खरं सांगतो, मला अभिमान वाटत होता. कशाचा ते ठरवायला वेळ मिळाला नाही, कारण कडूबा म्हणाला, भाऊ, तुमचा हात हलून राह्यला. ताई बराबर दिसंना. जरा नीट धरा.

दोन्ही हातांनी धरला.